विजेचा छोटा हत्ती घाट चढतो

लालबागच्या डंकांवरून मसाल्याची पोती उचलायची असोत, दादरच्या बाजारातून भाजीच्या करंड्या न्यायच्या असोत, की परळच्या चाळीतले एखादे बिऱ्हाड हलवायचे असो, हाक जाते ती ‘छोटा हत्ती’ला. २००५ साली टाटांची ‘एस’ ही लहानशी मालमोटार रस्त्यावर आली आणि लोकांनी तिचे असे बारसे केले. हत्ती लहान, पण ओझे वाहण्यात हयगय नाही!

२०२२ साली याच छोट्या हत्तीचा विजेवर चालणारा भाऊ जाहीर झाला. दिसायला तो जवळजवळ तसाच. पण त्याला ना डिझेलची टाकी, ना धुराची नळी. सुरू केल्यावर घरघरही नाही. अशी गाडी घेण्याचा विचार एखाद्या टेम्पोवाल्याने केला, की नाक्यावरची मंडळी त्याला तीन प्रश्न हमखास विचारतात. चाळीत ती चार्ज कोठे करणार? पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की काय करणार? आणि लोणावळ्याचे भाडे मिळाले तर ती घाट चढेल का?

प्रश्न साधे आहेत. पण त्यांवर एका कुटुंबाचे पोट अवलंबून आहे. गाडी कर्जाने घेतलेली असते. ती भर घाटात थांबली, तर त्या दिवसाचे भाडे गेले आणि गिऱ्हाईकही गेले. म्हणून या प्रश्नांची उत्तरे ‘चढेल हो!’ किंवा ‘छे, जमायचे नाही!’ अशी अंदाजाने देऊन भागत नाही. ती हिशेबाने द्यावी लागतात. सुदैवाने हा हिशेब नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात बसणारा आहे. चला, करून पाहू.

मुंबईला हे नवे नाही

विजेवर चालणारी वाहने मुंबईकरांनी फार पूर्वीपासून पाहिली आहेत. ७ मे १९०७ रोजी मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. पुढे लालबाग-परळच्या रस्त्यावरून ट्राम थेट दादरपर्यंत जाऊ लागली. जेथे तिचा प्रवास संपे त्या जागेला ‘दादर टी. टी.’, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव पडले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम गेली तरी टी. टी. हे नाव लोकांच्या तोंडी राहिलेच. १९६२ ते १९७१ या काळात गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर ‘ट्रॉलीबस’ही धावत असे. तिला रूळ लागत नसत. पण डोक्यावर विजेच्या तारा मात्र लागत.

आता विचार करा. वीज होती, मोटर होती, गाड्याही होत्या. मग तार सोडून मोकळे फिरणे का जमत नव्हते? कारण वीज बरोबर घेऊन जाण्याची सोय फार जड होती. नेहमीच्या मोटारीत असते तशा शिसे-आम्लाच्या बॅटरीत दर किलोग्रॅम वजनामागे साधारण ३५ वॉट-तास ऊर्जा साठते. विजेच्या छोट्या हत्तीच्या बॅटरीत २१.३ किलोवॉट-तास ऊर्जा मावते. किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे ‘युनिट’. तेव्हा ही बॅटरी २१.३ युनिटांची. इतकी ऊर्जा शिशाच्या बॅटरीत साठवायची, तर

२१,३०० ÷ ३५ = सुमारे ६०० किलोग्रॅम

वजनाची बॅटरी लागेल. आणि या गाडीची माल वाहण्याची क्षमता किती? तीही ६०० किलोग्रॅमच! म्हणजे हत्तीने सगळी ताकद स्वतःचीच शिदोरी वाहण्यात खर्च करायची. इंग्लंडमध्ये शिशाच्या बॅटरीवरच्या दुधाच्या गाड्या कित्येक वर्षे चालल्या. पण त्या सावकाश जाणाऱ्या आणि जवळच्या जवळ फिरणाऱ्या होत्या.

हत्तीच्या पोटात

हे चित्र बदलले ते लिथियममुळे. लिथियम हा धातूंमध्ये सर्वांत हलका. त्याचे आयन बॅटरीच्या दोन ध्रुवांमध्ये ये-जा करतात. बॅटरी चार्ज करताना ते ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. गाडी चालताना ते तेथून निघून दुसऱ्या ध्रुवाकडे परततात. त्याच वेळी इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वाहतात आणि मोटर फिरवतात. सकाळी लोकल भरून एका टोकाला आणि संध्याकाळी भरून दुसऱ्या टोकाला, तसाच हा प्रकार.

छोट्या हत्तीच्या बॅटरीतील दुसरा ध्रुव लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगाचा असतो. हे संयुग बॅटरीसाठी वापरता येईल असे १९९७ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून देण्यात आले. त्या निबंधावर अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांची नावे आहेत. पहिली दोन नावे भारतीय आहेत हे तुमच्या लक्षात आले असेलच. गुडइनफ यांना पुढे २०१९ साली लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले. लोह आणि फॉस्फेट हे पदार्थ तुलनेने स्वस्त आणि मुबलक. शिवाय ही बॅटरी तापली तरी इतर काही लिथियम बॅटऱ्यांच्या मानाने पेट घेण्याचा धोका कमी. भर वस्तीत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा.

पेटी, तारा, थंड ठेवण्याची व्यवस्था हे सर्व धरून अशा बॅटरीत किलोग्रॅमला साधारण १२० वॉट-तास ऊर्जा मावते. म्हणजे ६०० किलोग्रॅमऐवजी पावणेदोनशे किलोग्रॅमच्या आसपास काम भागले. उरलेली जागा मालाला मिळाली.

तरीही डिझेलपुढे ही शिदोरी तोकडीच. एक लिटर डिझेल जाळले, तर साधारण १० युनिट उष्णता मिळते. म्हणजे या सबंध बॅटरीतली ऊर्जा दोन-सव्वादोन लिटर डिझेलाइतकी! मग गाडी पळते कशी? कारण डिझेल इंजिन त्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते. बाकीची रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून निघून जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी ८५ टक्के किंवा अधिक कामी लावते. शिदोरी लहान, पण सांडलवंड कमी.

गल्लीतला दिवस

छोट्या हत्तीचे नेहमीचे काम घाटात नसून गल्लीत असते. लालबागहून माल भरला, भायखळ्यावरून गिरगावला गेला, ठाकूरद्वारच्या गल्ल्यांत चार दुकानांपाशी थांबला, पुन्हा दादरला आला. दिवसाचे अंतर साधारण ६० किलोमीटर. पण थांबे मात्र शंभर. अशा वेळी डिझेलचे इंजिन उभ्या गाडीतही जळत राहते. विजेची मोटर गाडी थांबली की थांबते.

शिवाय आणखी एक गंमत आहे. माल भरलेल्या गाडीचे वजन हिशेबासाठी १,८०० किलोग्रॅम धरू. ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर वेगाने ती जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा

½ × १,८०० × (११.१)² = सुमारे १,११,००० जूल

म्हणजे ०.०३ युनिट. ब्रेक दाबला की साध्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. शंभर वेळा थांबलो की तीन युनिट वाया. विजेच्या गाडीत चालकाने वेग कमी केला, की तीच मोटर उलटे काम करू लागते. चाके मोटरला फिरवतात, मोटर जनित्र बनते आणि वीज बॅटरीत परत जाते. सायकलच्या डायनामोसारखेच हे. डायनामो चाकाला टेकवला की पायांना जोर लागतो ना? तोच जोर येथे ब्रेकचे काम करतो. सगळी ऊर्जा काही परत मिळत नाही. पण तिच्यातला निम्म्याच्या आसपास भाग हाती येतो.

प्रमाण चाचणीत ही गाडी एका चार्जवर १५४ किलोमीटर जाते. चाचणी म्हणजे ठरावीक वेगाने, ठरावीक वजनाने केलेली धाव. प्रत्यक्षात ओझे, गर्दी आणि चालकाचा पाय यांमुळे अंतर घटते. आपण किलोमीटरला ०.१७ युनिट धरू. मग दिवसाच्या ६० किलोमीटरला सुमारे १० युनिट लागतील. म्हणजे अर्धी बॅटरी. गल्लीतल्या कामाला हत्ती पुरून उरतो.

परळला के.ई.एम., वाडिया, टाटा स्मारक अशी मोठी रुग्णालये जवळजवळ आहेत. पहाटे खिडकीखालून जाणारी गाडी आवाज आणि धूर करीत नसेल, तर आजारी माणसाला त्याचे मोल कळते. पण शांतपणालाही दुसरी बाजू आहे. रस्ता ओलांडणाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीन माणसाला, गाडी आल्याचे कळत नाही. म्हणून अनेक विजेच्या गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारे यंत्र बसवतात.

रात्रीचे जेवण

आता नाक्यावरचा पहिला प्रश्न. घरातील १५ अँपिअरच्या प्लगमधून साधारण ३ किलोवॉट दराने वीज घेता येते. म्हणजे तासाला ३ युनिट. दिवसाचे १० युनिट भरून काढायला साडेतीन-चार तास पुरतात. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला मात्र सात-आठ तास हवेत. गाडी रात्री उभीच असते, तेव्हा वेळेची अडचण नाही. अडचण आहे ती जागेची आणि तारेची.

चाळीत मीटर खोलीगणिक असतो आणि गाडी उभी असते रस्त्याला किंवा सामाईक अंगणात. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून लांबलचक तार खाली सोडली तर? हे कधीही करू नये. कारण हिशेबातच पाहा. तारेतून सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह तासन्‌तास वाहणार. एखाद्या ठिकाणी जोड सैल झाला आणि तेथे केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर त्या जोडात

(१३)² × ०.५ = सुमारे ८४ वॉट

उष्णता तयार होईल. डाग लावण्याच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, मोठ्या इस्त्रीइतकी उष्णता एका प्लास्टिकच्या प्लगात रात्रभर! मिक्सर दोन मिनिटे चालतो, म्हणून जुना जोड खपून जातो. गाडी सात तास वीज घेते, म्हणून तोच जोड पेट घेऊ शकतो. लाकडी जिन्याच्या जुन्या चाळीत याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

यावर उपाय आहे. पुरेशा जाडीची स्वतंत्र तार, चांगले भूसंयोजन, म्हणजे अर्थिंग, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच एवढे हवेच. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळा दरवर्गही ठेवलेला आहे. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या मंडळींनी एकत्र येऊन अंगणात असे एक ठिकाण करून घेतले, तर एका गाडीची नव्हे, चार गाड्यांची सोय होते. म्हणजे गाडी एकाने घ्यायची असली, तरी तिचा प्रश्न सर्व शेजाऱ्यांचा असतो.

डॉक्टर कमी लागतो, लागतच नाही असे नाही

या गाडीत इंजिन ऑइल नाही. क्लच, इंजेक्टर, फॅन बेल्ट, सायलेन्सर यांपैकी काहीच नाही. देखभालीचा खर्च कमी होतो तो यामुळे. पण ‘काहीच करावे लागत नाही’ ही समजूत चुकीची आहे. टायर झिजतातच, उलट मोटर एकदम जोर लावते म्हणून बेफाम चालवणाऱ्याचे टायर लवकर झिजतात. टायरमधील हवा कमी असली की घर्षण वाढते आणि अंतर घटते. बॅटरी थंड ठेवणारा द्रव तपासावा लागतो. दिवे आणि वायपर यांसाठी १२ व्होल्टची लहान बॅटरी वेगळी असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही! ब्रेकची गंमत तर निराळीच. मोटरच ब्रेकचे बरेच काम करते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांना गंज चढतो. म्हणून ते झिजले नसले, तरी तपासून घ्यायचे.

गाडीतल्या नारिंगी रंगाच्या तारा मात्र कोणीही हाती घेऊ नयेत. त्यांत जास्त दाबाची वीज असते. रस्त्याकडेच्या हुशार मेकॅनिकनेही प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांना हात लावता कामा नये. पाना आणि जॅक यांच्याबरोबर त्याला आता रबरी हातमोजे आणि विद्युतशास्त्र लागणार आहे. आज आय.टी.आय.मध्ये जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरा प्रश्न, हिंदमाताच्या पाण्याचा. डिझेल इंजिनाला श्वास घ्यावा लागतो. हवेच्या नळीतून पाणी आत गेले, तर इंजिन जागच्या जागी मोडते. मोटरला श्वास लागत नाही. बऱ्याच विजेच्या गाड्यांच्या बॅटरीवर ‘आय.पी. ६७’ असा शिक्का असतो. त्यातील ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवली तरी पाणी आत जात नाही. पण ही चाचणी नव्या पेटीची आणि स्वच्छ पाण्यातली. साचलेल्या पाण्याखाली उघडे गटार असेल, तर कोणताही शिक्का उपयोगी पडत नाही. तेव्हा पाणी भरले की थांबावे, आणि भिजलेली गाडी तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

चला लोणावळ्याला

आणि हा तिसरा प्रश्न. परळहून पनवेलवरून खोपोलीपर्यंतचे अंतर ७० किलोमीटर धरू. रस्ता बहुतेक सपाट. खर्च ७० × ०.१७ = सुमारे १२ युनिट.

खोपोलीनंतर घाट सुरू होतो. जुन्या रस्त्याने जाताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. हा मार्ग शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना दाखवला, अशी दंतकथा आहे. आजही जाणारे-येणारे गाडीवाले तेथे नाणे टाकतात. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर, तर लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे साधारण ५५० मीटर चढायचे. भरलेल्या गाडीला एवढे उचलायला लागणारी ऊर्जा:

१,८०० × ९.८ × ५५० = सुमारे ९७ लक्ष जूल

एक युनिट म्हणजे ३६ लक्ष जूल. तेव्हा ही ऊर्जा झाली २.७ युनिट. मोटर आणि तारा यांतला तोटा धरून बॅटरीतून ३.२ युनिट खर्च होतील. घाटातल्या १५ किलोमीटरमध्ये रस्त्याचे घर्षण आणि हवेचा विरोध यांसाठी आणखी १.३ युनिट. एकूण साडेचार.

मोटरला हा चढ झेपेल का? दर वीस मीटरला एक मीटर अशा चढावर ताशी ३० किलोमीटरने जायचे, तर सुमारे ९ किलोवॉट शक्ती पुरते. मोटर आहे २७ किलोवॉटची. शिवाय विजेची मोटर थांबल्या जागेवरून पूर्ण जोर देते. वळणावर गिअर पाडण्याची धांदल नाही. तेव्हा घाटात ताकदीची चिंता नाही. चिंता आहे ती शिदोरीची.

आता बेरीज करू. १२ आणि ४.५ मिळून १६.५ युनिट. बॅटरीत होती २१.३. लोणावळ्याला पोचलो तेव्हा शिल्लक ४.८ युनिट, म्हणजे २२ टक्के. घाट चढला! मात्र तशीच परत फिरायचे म्हटले, तर नाही जमायचे. लोणावळ्यात माल उतरवताना आणि चहा-चिक्की होईपर्यंत गाडीलाही खाऊ घालावे लागेल. निदान ८ युनिट. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर याला जवळजवळ तीन तास. जलद चार्जरवर त्याहून कमी. निघण्यापूर्वी चार्जर कोठे आहे आणि तो चालू आहे का, हे विचारून घेणे हा या प्रवासाचा भागच आहे.

आणखी एक सावधगिरी. बॅटरी वर्षानुवर्षे वापरली की तिची साठवण कमी होते. ती ८० टक्क्यांवर आली, तर २१.३ ऐवजी १७ युनिट मावतील. लोणावळ्याला लागतात १६.५. म्हणजे नव्या हत्तीला जो घाट सहज जमला, तो म्हाताऱ्या हत्तीला जेमतेम. वाटेत वाहतूक अडली, तर तेही नाही. त्याने मग गिरगाव-दादर करावे. तेथे त्याची पुष्कळ वर्षे सेवा होईल.

उतरणीची कमाई

वर चढताना घातलेले २.७ युनिट कोठे गेले? ते गाडीच्या उंचीत साठून राहिले आहेत. भरल्या गाडीने पुन्हा उतरलो, तर त्यातील १.१ युनिट घर्षण आणि हवा यांत खर्च होतील. उरले १.६. मोटर जनित्र बनून त्यांतील सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे एक युनिट, बॅटरीत परत घालील. एका युनिटात सहा किलोमीटर! मोठी कमाई नव्हे. पण घाटात ब्रेक तापून निकामी होण्याचा धोकाही त्याबरोबर टळतो. मात्र शिखरावरच बॅटरी शंभर टक्के भरून निघालो, तर ही वीज ठेवायला जागाच उरणार नाही. घाट उतरण्यापूर्वी थोडे पोट रिकामे ठेवणे शहाणपणाचे.

ही युक्ती आपल्या घाटाला नवी नाही. १९३० पर्यंत मुंबई-पुणे रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले होते. त्यावर मालगाड्या ओढणाऱ्या एका जातीच्या इंजिनाला कामगार ‘खेकडा’ म्हणत. हा खेकडा घाट उतरताना वीज निर्माण करून ती डोक्यावरच्या तारेत परत सोडी. आणि आज स्वित्झर्लंडमधील एका खाणीत २०१८ पासून विजेचा प्रचंड डंपर चालतो. तो रिकामा वर जातो आणि दगड भरून खाली येतो. खाली येताना वजन अधिक, म्हणून कमाईही अधिक. त्याला बाहेरून वीज क्वचितच द्यावी लागते.

पाणी खाली, गाडी वर

बॅटरीत भरलेली वीज मुळात आली कोठून? याचे एक उत्तर त्याच घाटात आहे. लोणावळा, वळवण, शिरवटा येथील तलावांत पावसाचे पाणी साठवून ते नळांतून खाली सोडायचे आणि खोपोलीला वीज निर्माण करायची, ही टाटांची योजना १९१५ साली सुरू झाली. ती वीज तारांवरून सुमारे ७० किलोमीटर दूर आणली गेली, ती परळला! गिरणगावातल्या गिरण्या तोवर कोळशाच्या वाफेवर चालत. त्यांना ही वीज मिळाली. पुढे भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथील केंद्रे आली.

पाण्याची उंची ५०० मीटर धरली, तर एक हजार लिटर पाण्यापासून सगळे तोटे वजा जाता साधारण १.२ युनिट वीज मिळते. गाडीला घाटात उचलायला बॅटरीतून ३.२ युनिट लागले. तेवढे बॅटरीत भरायचे, तर मीटरमधून साडेतीन युनिटांहून थोडे अधिक घ्यावे लागतील. म्हणजे सुमारे तीन हजार लिटर पाणी. तीन हजार किलोग्रॅम पाणी घाटातून खाली आले आणि अठराशे किलोग्रॅमची गाडी त्याच घाटाने वर गेली! विहिरीवरच्या रहाटासारखेच हे. फक्त दोर आहे तारेचा, आणि त्याला परळपर्यंत वळसा आहे.

पण आपली फसवणूक करून घ्यायची नाही. मुंबईला लागणाऱ्या विजेत जलविद्युत थोडीच आहे. मोठा वाटा अजून कोळशाचा आहे. वायू, सूर्य, वारा यांचे वाटे निराळे. म्हणून ‘या गाडीचा धूरच नाही’ असे म्हणणे अर्धसत्य आहे. परळच्या रस्त्यावर तिचा धूर नाही, हे खरे. कोठल्यातरी वीजकेंद्राच्या धुराड्यात त्याचा हिस्सा आहे, हेही खरे. मात्र वीज जसजशी स्वच्छ होत जाईल, तसतशी हीच गाडी काही न बदलता अधिक स्वच्छ होईल. डिझेलच्या गाडीला हे भाग्य नाही.

शेवटी खिसा

समजा, डिझेलची लहान गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. किलोमीटरला ५ रुपये. विजेच्या गाडीला ०.१७ युनिट, चार्जिंगचा तोटा धरून ०.२. युनिट १० रुपये धरले, तर २ रुपये. किलोमीटरमागे बचत ३ रुपये. मात्र गाडीची किंमत जास्त. ती समजा ४ लाख रुपयांनी जास्त आहे. रोज ६० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस चालवली, तर बचत ५४ हजार; जादा किंमत वसूल व्हायला सात वर्षांहून अधिक. रोज १०० किलोमीटर चालवली, तर बचत ९० हजार. वसुली साडेचार वर्षांत. म्हणजे जी गाडी जास्त पळते तिला वीज परवडते. जी नाक्यावर भाड्याची वाट पाहत उभी राहते तिला नाही. टेम्पोवाल्याने गाडीचा रंग नंतर पाहावा. आधी आपल्या रोजच्या किलोमीटरांची वही पाहावी.

विद्यार्थी मित्रांनो, वरील आकड्यांपैकी काही आपण हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या भागातील एखाद्या टेम्पोवाल्या काकांना भेटा. त्यांची गाडी रोज किती किलोमीटर जाते, किती वेळा थांबते, डिझेल वा सी.एन.जी. किती लागते, हे आठवडाभर लिहून घ्या. घरच्या वीजबिलावरून युनिटचा दर काढा. मग त्यांच्यासाठी हा हिशेब नव्याने मांडा आणि तो त्यांना दाखवा. तुमचे उत्तर ‘घ्या’ असे येवो वा ‘सध्या थांबा’ असे येवो, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ते त्यांच्या उपयोगी पडेल.